रिकाम्या आसनाचा अर्थ कोणी सांगावा?



एखादे शिल्प, चित्र किंवा कविता समोर आली की आपण विचारतो, "याचा अर्थ काय?" याच्यामागे आणखी एक प्रश्न उभा असतो, पण तो आपण सहसा विचारत नाही. तो असा : "हा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा?" ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराजवळ फिरकू दिले नाही, त्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच मोठा आहे. ग्रंथांचा अर्थ दुसऱ्यांनी लावला, मूर्तींचा अर्थ दुसऱ्यांनी लावला, आपल्या जन्माचा अर्थसुद्धा दुसऱ्यांनीच लावून दिला. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा अर्थ लावण्याचा अधिकारही आपल्या हाती आला. अधिकार आला की जबाबदारीही येते. तिचा विचार आपल्याच जिल्ह्यातील एका दगडाच्या आधाराने करू.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७२ साली निघाला. टेकडीच्या नावात जगन्नाथ, पण तिच्या पोटात निघाला बौद्ध स्तूप! स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याला वेदिका म्हणतात. तिच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. एका खांबावर अनेक फणांचा नाग आहे. त्याच्या फणांखाली आसन आहे आणि त्या आसनावर कोणीही बसलेले नाही. हे काम इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले आहे.

आता समजा, हा खांब पाहायला चौघे गेले. घरातली आजी हात जोडून म्हणेल, "हा नागोबा, याला दूध-लाह्या वाहा." पोथी वाचणारा म्हणेल, "हा शेष आणि आसन विष्णूचे." आपल्यातला एखादा उत्साही तरुण म्हणेल, "हे नाग आपले पूर्वज. रिकामे सिंहासन म्हणजे आपले हिरावलेले राज्य." इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, "हा मुचलिंद नागराज. संबोधीनंतर तथागत ध्यानस्थ असताना सात दिवस पाऊस कोसळला, तेव्हा त्याने त्यांच्यावर फणा धरली, ती ही कथा." चौघांपैकी खरे कोणाचे?

याविषयी विद्वानांची तीन प्रमुख मते आहेत.

पहिले मत असे की, कलावंताला जे सांगायचे होते तोच कलाकृतीचा अर्थ. अमेरिकेतील हर्ष नावाच्या अभ्यासकाने १९६७ साली हे मत नेटाने मांडले. मत सरळ वाटते, पण पवनीला ते लावून पाहा. येथे कलावंत कोण? छिन्नी चालवणारा कारागीर, पैसा देणारा उपासक, की कथा सांगणारा भिक्खू? सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण कोरीवकाम केल्याचे नोंदवले आहे. तेवढी नोंद ठेवली. पण मनात काय होते ते कोणी लिहून ठेवले नाही.

दुसरे मत म्हणते, कलावंताच्या मनात डोकावू नका, कलाकृतीकडेच पाहा. विम्सॅट आणि बियर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली हा विचार मांडला. पवनीला याचा चांगला उपयोग होतो. कारण त्या खांबावर नुसता नाग नाही, ब्राह्मीत मुचलिंद नागाचे नावही आहे. पोथी वाचणाऱ्याचा शेष येथेच गळून पडतो. परंतु मुचलिंद कोण हे दगड सांगत नाही. त्यासाठी पाली वाङ्मयातील कथा ठाऊक असावी लागते. म्हणजे केवळ दगडाकडे पाहूनही भागत नाही.

तिसरे मत फ्रान्समधील रोलां बार्थ यांनी १९६७ साली मांडले. त्यांच्या मते, लेखकाचे स्वामित्व संपले, अर्थ वाचकाच्या ठिकाणी तयार होतो. आपल्याला हे मत एकदम जवळचे वाटते. ज्यांना कोणी कधी विचारले नाही, त्यांना कोणी "तुम्ही म्हणाल तो अर्थ" असे म्हटले तर आनंद होणारच. पण येथे सावध झाले पाहिजे. प्रत्येकाने लावलेला अर्थ सारखाच खरा असेल, तर पोथी वाचणाऱ्याचा शेषही तितकाच खरा ठरतो. मग टिकणार कोणाचा? ज्याच्या हाती देऊळ, छापखाना आणि पाठ्यपुस्तक आहे, त्याचा! अर्थाला कसलेच बंधन नसले की बलवानाचे फावते. दुबळ्याच्या हाती पुरावा हे एकच शस्त्र असते. "हे बघ, दगडावर नाव कोरले आहे," असे म्हणता येणे ही आपली ताकद आहे. ती आपणच टाकून द्यायची काय?

मोठे अभ्यासकही या पुराव्याशी झगडत आले आहेत. आसन रिकामे का, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रेंच विद्वान फुशे यांनी म्हटले की, आरंभीच्या काळात तथागतांची मूर्ती न करता आसन, बोधिवृक्ष, पाऊलखुणा या चिन्हांनी त्यांना दाखवीत. १९९० साली सुझान हंटिंग्टन यांनी हरकत घेतली. त्यांच्या मते अशी बरीच शिल्पे बुद्धचरित्रातील प्रसंग दाखवीतच नाहीत. पवित्र स्थळी जमलेले उपासक आणि त्यांनी वंदन केलेली स्थाने ती दाखवितात. पुढच्याच वर्षी विद्या देहेजिया यांनी उत्तर दिले की, एकच चिन्ह तथागत, ते स्थळ आणि त्यांचे गुण असे अनेक अर्थ दाखवू शकते. भारहुतच्या एका शिल्पात एरापत नागराज रिकाम्या आसनापुढे नमला आहे आणि शेजारच्या लेखात तो भगवंतांना वंदन करीत असल्याचे सांगितले आहे. निदान तेथे तरी आसन म्हणजे तथागत, हे कोरणाऱ्यानेच सांगून ठेवले. वाद अजून चालू आहे. पण प्रत्येक पक्षाला दगडाकडे परत यावे लागते, हे ध्यानात घ्या.

पूज्य बाबासाहेबांची रीत हीच होती. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि मृत मनुष्य पाहून गृहत्याग केला, ही कथा त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्वीकारली नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ही दृश्ये नजरेस पडलीच नाहीत हे बुद्धीला पटत नाही, असे कारण त्यांनी दिले आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला तंटा पुढे आणला. जुना अर्थ त्यांनी नाकारला, पण कारण उघड सांगून. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतही त्यांनी जर्मन कवी गटे याचा आधार घेऊन निश्चित आणि संशयास्पद यांची निवड करणे हे संशोधकाचे कर्तव्य मानले. कालामांना तथागतांनी हेच शिकवले. परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काहीही मानू नये.

मग आपल्या तरुणाचे काय? त्याचा अभिमान खोटा नाही. नाग लोकांनी धम्माचा प्रसार केला, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितले आहे. पण हिरावलेल्या राज्याचे सिंहासन त्या खांबावर नाही. येथे हर्ष यांनीच केलेला एक भेद उपयोगी पडतो. कलाकृतीचा अर्थ निराळा आणि आपल्या जीवनात तिला असलेले महत्त्व निराळे. पवनीच्या खांबाचा अर्थ मुचलिंदाची कथा हा आहे. तथागतांवर छाया धरणाऱ्या नागाचे नाव आपल्या वैनगंगेकाठी दोन हजार वर्षांपूर्वी आदराने कोरले गेले, हे आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व आहे. अर्थ पुराव्याने ठरतो, महत्त्व जीवनाने ठरते. महत्त्वाला अर्थाच्या जागी बसवले की आपणही पोथी वाचणाऱ्याच्याच पंक्तीला जाऊन बसतो.

आजीचे म्हणणेही हसण्यावारी नेऊ नका. नागाने खरोखर फणा धरली का, हा प्रश्न आणि शिल्पाचा अर्थ काय, हा प्रश्न यांत गल्लत नको. कथा जशीच्या तशी घडली असे न मानताही तिचा अर्थ कळतो. पाली उदानात या कथेच्या शेवटी तथागत प्राणिमात्रांना न दुखावणे आणि 'मी'पणा सोडणे यांत सुख असल्याचे सांगतात. म्हणून या नागाला दूध नको आहे, हे आजीला प्रेमाने सांगता येईल. त्या नागाने आसरा दिला, आपणही कोणाला तरी द्यावा, एवढेच तिने या शिल्पातून घेतले तरी पुष्कळ झाले.

तेव्हा मुलाबाळांना घेऊन पवनीला जा, अजिंठ्याला जा, सांचीला जा. प्रत्येक शिल्पापुढे त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. समोर प्रत्यक्ष काय दिसते? ज्यांनी ते घडवले त्यांच्या काळी त्याचा अर्थ काय होता आणि तो कशावरून? आज आपल्या वागण्यासाठी त्यातून काय घ्यायचे? प्रश्नांचा हा क्रम मोडू नका. पहिले दोन टाळून तिसऱ्यावर उडी मारणारा मनुष्य दगडात स्वतःचेच तोंड पाहतो. पहिल्या दोघांवरच थांबणारा मनुष्य विद्वान होईल, पण धम्मापासून दूर राहील. अर्थ लावण्याचा जो अधिकार एवढ्या कष्टाने मिळाला, तो या शिस्तीने वापरला तर पुन्हा कोणाला तो आपल्यापासून हिरावून घेता येणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!