शिक्का आणि नोंद

स्वतःशी प्रेमाने बोला, असा उपदेश सध्या शाळांच्या भिंतींपासून कंपन्यांच्या कार्यशाळांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्यामागच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘तुला जन्मात जमायचं नाही’ हे ऐकत आपल्याकडच्या पिढ्या वाढल्या, आणि तोच आवाज पुढे माणसाच्या आत मुक्कामाला येतो. दूध उतू गेले तरी ‘मी मेली वेंधळीच’ हे आपसूक तोंडून निघते. माझी हरकत सुचवल्या जाणाऱ्या उपायाला आहे. रोज सकाळी आरशासमोर ‘मी हुशार आहे, मी समर्थ आहे’ असे म्हणायचे आणि मुलांकडून म्हणवून घ्यायचे, हा उपाय वरवरचा आहे; काहींना तर तो अपायच करतो.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेच तपासले. आपण प्रेम करण्याजोगे आहोत, हे वाक्य त्यांनी लोकांना मनाशी घोकायला लावले. ज्यांचे स्वतःबद्दलचे मत आधीच चांगले होते, त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटत होता, त्यांची मनःस्थिती आणखी बिघडली. ज्याला औषधाची गरज, त्यालाच ते बाधले. पण याहून मोठी अडचण पुढे आहे. ‘मी नालायक’ आणि ‘मी उत्तम’ ही दोन्ही वाक्ये अख्ख्या माणसावर मारलेले शिक्के आहेत. एक कडू, एक गोड. गोड शिक्का सांभाळावा लागतो आणि पहिल्या अपयशात तो पुसला जाण्याची भीती असते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले अवघड कोडी चुकल्यावर लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले टिकून राहिली. आपले गुण इतरांना फुगवून सांगणारी मुलेही पहिल्याच गटात जास्त निघाली. ‘हुशार’ राहण्यासाठी त्यांना खोटे बोलावे लागले! मुलाला आपण प्रेमाने काय देतो आहोत, याचा विचार इथे तरी थांबून करायला हवा.

‘बेरजेत हातचा धरायचा राहिला’ ही नोंद आहे. तिच्यात गोडवा नाही आणि जखमही नाही. पुढे काय करायचे ते मात्र आहे. मायाळू बोलण्याची माझी कसोटी एवढीच. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून उभ्या केलेल्या आणि महाराष्ट्रात डॉ. किशोर फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभाही हाच: कृतीचे मूल्यमापन करा, माणसाचे करू नका. रामदासांनी 205 मनाच्या श्लोकांत मनाला सज्जन म्हणून हाक दिली, पण त्याची खुशामत केली नाही. काय सोडायचे आणि काय धरायचे, तेच पुन्हा पुन्हा सांगितले. संतांनी स्वतःला पतितही म्हटले, हे खरे. पण ते बोलणे विठ्ठलाच्या पुढ्यातले होते, ऐकून घेणारा समोर होता. एकांतात स्वतःला झोडपणाऱ्याला तो आधार नसतो.

इतरांशी बोलतानाही कसोटी हीच, म्हणून ‘मी बुवा तोंडावर बोलतो’ या फटकळपणाला तत्त्वज्ञान म्हणण्याचे कारण नाही.

याचा अर्थ अप्रिय बोलूच नये असा नाही. मज्झिमनिकायातल्या अभयराजकुमार सुत्तात राजपुत्राच्या मांडीवर तान्हे मूल आहे. त्याने तोंडात खडा घातला तर काय करशील, असे बुद्ध विचारतात. रक्त आले तरी काढीन, राजपुत्र सांगतो, कारण मुलाची दया येते. खरे, हिताचे, पण अप्रिय बोलणे बुद्धांनी वर्ज्य मानले नाही. त्यासाठी वेळ पाहायला सांगितले. खडा काढायचा तर तो कुठे आहे हे आधी पाहावे लागते. शिक्का मारणाऱ्याला वही उघडूनही पाहावी लागत नाही.

कुणी विचारेल, वारंवार खोटे बोलणाऱ्याला खोटारडा का म्हणू नये? माझा हट्ट तरीही कायम आहे. ‘तू खोटारडाच’ म्हटले की तो आपल्या इभ्रतीसाठी भांडू लागतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. ‘परवा पैसे भरले म्हणालास, ते भरलेले नाहीत’ असे म्हटले तर त्याला पैशांबद्दलच बोलावे लागते.