खडा उरला पाहिजे

एक लिटरच्या बंद भांड्यात दहा ग्रॅम चुनखडी ठेवून ती ८०० अंश सेल्सिअसला तापवली, तर तिचा कळीचा चुना होऊ लागतो आणि भांड्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याचा दाब साधारण ०.२२ अ‍ॅटमॉस्फिअर झाला की पुढे वाढत नाही. चुनखडी शंभर ग्रॅम ठेवली तरी दाब तेवढाच! ढीग वाढवला म्हणून घन पदार्थाची दाटी वाढत नाही. म्हणून समतोल स्थिरांकाच्या सूत्रात त्याला जागा नाही. दाबांवरून मांडलेल्या या स्थिरांकाला के-पी म्हणतात; इथे के-पी म्हणजेच वायूचा दाब.

फ्रान्समध्ये आंरी दब्रे यांनी १८६७ साली दाबाचं हे ठरलेपण प्रयोगाने दाखवलं. तापमान ढळू नये म्हणून ते उकळत्या कॅडमियमची आणि जस्ताची वाफ वापरत. दाब मोजण्यापेक्षा हीच खटपट मोठी असावी.

हाच नियम परीक्षेत अमोनियम हायड्रोसल्फाइडच्या गणितात येतो. तिथे घनातून दोन वायू जोडीने निघतात आणि के-पी म्हणजे त्यांच्या दाबांचा गुणाकार. २५ अंशांना के-पी ०.११ धरला, तर वर्गमूळ काढून प्रत्येकाचा दाब ०.३३ आणि एकूण ०.६६. शेवटी दुप्पट करायचं राहून गेलं की गुण गेले. ही चूक निदान उत्तरपत्रिकेत सापडते तरी.

न सापडणारी चूक निराळी. घन सूत्रात नाही, म्हणून भांड्यातही नसला तरी चालेल, असं आपण नकळत धरून चालतो. त्या लिटरभर भांड्यात ०.२२ दाब भरायला सुमारे पाव ग्रॅम चुनखडी खर्ची पडते. ठेवलीच ०.१ ग्रॅम, तर ती सगळी फुटून जाते आणि दाब ०.०९ च्या आसपास अडकतो. के-पी तोच, पण तो पाळायला चुनखडीच उरलेली नाही. वहीत मात्र उत्तर ०.२२, आणि त्यावर बरोबरची खूण! किती चुनखडी घेतली, हे प्रश्नात मुळात विचारलेलंच नसतं. माझ्या मते ते विचारावं.

भट्टीवाल्याचा हिशेब उलटा. त्याला समतोल नकोच असतो. उघड्या भट्टीत हवेचा झोत वायू वाहून नेतो, दाब साचतच नाही आणि दगड फुटत राहतो. ९०० अंशांच्या सुमारास तर समतोलाचा दाबच बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. तरीही मोठ्या दगडाचा गाभा कधीकधी कच्चा राहतो. पाणी घालून चुना विरवताना हा गाभा फुलत नाही. चाळणीत वर राहतो आणि बाजूला काढला जातो.