निमिषाची साक्ष

आकाशातली बहुतेक दृश्ये पुन्हा पाहता येतात. ग्रहण पंचांगात आधीच सापडते, धूमकेतू कित्येक रात्री मुक्काम करतो. पण ताऱ्यांमधल्या रिकाम्या काळोखात एकाएकी एक ठिपका लखलखतो, जागचा हलत नाही आणि दोन-तीन सेकंदांत विझतो, तेव्हा पाहणारा एकटा पडतो. शेजारच्याला हाक मारावी तोवर दाखवायला काही उरलेले नसते. 2022 च्या गुढीपाडव्याच्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीकरांनी आभाळात जळते लोळ पाहिले. त्यांच्या गावात निदान धातूचे एक भले मोठे कडे तरी पडले. नुसती चमक असा पुरावा मागे ठेवत नाही.

प्रत्यक्ष ज्ञान अबाधित तर हवेच, शिवाय निश्चयात्मकही हवे, अशी न्यायदर्शनाची अट आहे. ही चमक नेमकी त्या दुसऱ्या अटीपाशी अडते. पाहिले हे खरे. काय पाहिले ते ठरत नाही. कारण इतक्या दूरच्या उजेडाचे अंतर डोळ्याला कळत नाही. थेट आपल्या रोखाने येणारी उल्का रेघ न ओढता ठिपक्यासारखी उजळते. गरगरणाऱ्या निकामी उपग्रहाच्या सपाट पृष्ठभागावरून सूर्यप्रकाश क्षणभर परावर्तित झाला तरी तसेच दिसते. 1980 च्या दशकात कॅनडातल्या हौशी निरीक्षकांना ययाती आणि मेष यांच्या परिसरात अशा चमका वारंवार दिसल्या. अंतराळातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या स्फोटांचा तो दृश्य प्रकाश असावा, अशी मोठी आशा त्यातून निर्माण झाली. पुढच्या तपासात बोट उपग्रहांकडे वळले.

मोठ्या दुर्बिणींनाही हा चकवा लागतो. 2017 मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीने जीएन-झेड11 या अतिदूरच्या दीर्घिकेच्या जागी क्षणिक प्रकाश टिपला. तेरा अब्जांहून अधिक वर्षांपूर्वीचा स्फोट म्हणून 2020 मध्ये त्याचा शोधनिबंध आला. वर्षभरात दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवले की, तो बहुधा रशियाच्या प्रोटॉन अग्निबाणाचा पृथ्वीभोवती फिरणारा टाकाऊ भाग होता. विश्वाचे बालपण आणि डोक्यावरचे भंगार एकाच ठिपक्यात मावावे, हे मला विलक्षण वाटते.

म्हणून ‘उपग्रह असेल’ एवढे म्हणून विषय मिटवणे बहुतेक वेळा बरोबर ठरेल, तरीही ते मला पटत नाही. 19 मार्च 2008 रोजी भूतप तारकासमूहात गॅमा किरणांच्या एका स्फोटाचा ठिपका सुमारे अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी झाला. चिलीतल्या एका स्वयंचलित कॅमेऱ्याने तो टिपला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजत होते. अमेरिका खंडात रात्र होती. तो प्रकाश सुमारे साडेसात अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. तो निघाला तेव्हा सूर्यही जन्मला नव्हता. त्या अर्ध्या मिनिटात अंधाऱ्या रानात कुणी त्याच समूहातल्या स्वाती ताऱ्याच्या आसपास पाहत असेल, तर माणसाच्या उघड्या डोळ्यांनी पाहिलेली सर्वांत दूरची गोष्ट त्याने पाहिली आणि बहुधा ‘उपग्रह असेल’ म्हणून मान खाली घातली.

न्यायदर्शनाने आपल्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र स्थान दिले आहे. निर्णयही त्यातच आहे, पण तो संशयानंतर येतो. चमक पाहणाऱ्याने संशय जपायचा तो वेळ, दिशा आणि जवळचा तारा टिपून. एवढी साक्ष त्याच्या हाती असते, आणि ती पुरेशी मोलाची आहे. अणुस्फोटबंदीवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकी वेला उपग्रहांनी 2 जुलै 1967 रोजी गॅमा किरणांची एक चमक नोंदवली. तिचा आलेख बॉम्बचा नव्हता. कशाचा, ते कुणाला सांगता येईना. लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ती नोंद फेकली नाही, तिला घाईने नावही दिले नाही. बाजूला काढून ठेवली आणि पुढच्या उपग्रहांच्या नोंदी तपासत राहिले. 1973 मध्ये त्यांनी अशा सोळा स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली. ते आपल्या दीर्घिकेतले की पलीकडचे, हा वाद मिटायला 1997 साल उजाडले.