डोंगा, रथ आणि ठाकूरदेव

लग्नसराई संपली की आलापल्लीतला माझा स्टुडिओ ओस पडतो. मग मी कॅमेरा घेऊन भामरागड गाठतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथं एकत्र येतात आणि काठाला डोंगे लागलेले असतात. कोकणातल्या रंगीत होड्यांचे फोटो सगळेच काढतात. आमच्या डोंग्याला ना शीड, ना रंग. एक अख्खं खोड, मधून कोरलेलं, बस्स.

सकाळचं तिरपं ऊन आत शिरलं की वाकसाचे घाव उठून दिसतात, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. कडेला ते खोल आणि बिनधास्त, तळाकडे उथळ आणि जपून मारलेले. बाजूला भेग गेली तर पत्र्याची पट्टी ठोकून भागतं. तळ जास्त कोरला गेला तर लाकूड फुकट. हे मला एका म्हाताऱ्या डोंगेवाल्यानं सांगितलं. ‘दादा, कुठं थांबायचं ते कसं कळतं?’ असं विचारल्यावर त्यानं बोटाच्या पेरानं तळावर टकटक केलं. आवाजावरून.

आमचं घर बौद्ध. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात दीक्षा दिली तेव्हा आजोबा तिथं होते. घरात ‘मिलिंदप्रश्न’ होतं. त्यात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठं आहे? ग्रीकांकडे थिसिअसच्या जहाजाचा असाच पेच आहे: फळ्या बदलत गेल्या, तर जहाज तेच का? दोन्हीकडे वस्तू जोडून झालेली. डोंग्यात जोड नाही. तो काढून टाकत टाकत झालेला आहे, आणि त्यात बसायची जागा म्हणजे नेमकं जे काढून टाकलं तेच. नागसेनाला डोंगा दाखवायला हवा होता, असं मला वाटत आलंय.

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे. जानेवारीत तिथं यात्रा भरते, इलाख्यातली गावं वर चढतात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला. ट्रक माझ्या दुकानावरून जातात, काचेवर लाल धूळ बसते. गिऱ्हाइकं बोलता बोलता म्हणतात, ‘देवाची जागा तेवढी सोडायची, बाकीचं खोदायला काय हरकत?’

हे बोलणं डोंगराला रथ समजणारं आहे. देव म्हणजे एक चाक, ते बाजूला जपून ठेवलं की झालं. माडियांशी बोलताना मला देव असा एका कोपऱ्यात बसलेला कधी वाटला नाही. त्यांच्या लेखी दगड, पाणी, वाट, शिकार सगळं त्याचंच.

मी देव मानत नाही. नागसेनाच्या बाजूनं बोलायचं तर दगडांपलीकडे डोंगर नाहीच, मग गेलं काय? पण त्याच संवादात आधी एक साधा प्रश्न आहे: महाराज, आपण पायी आलात की रथातून? राजा रथातून आला होता, म्हणून तर ‘रथ’ हे नाव व्यवहारात चालतं. ते नाव बसणाऱ्याच्या जोरावर उभं आहे. मग डोंगरात देव किती उरला, हे ठरवायला भूगर्भशास्त्रज्ञ कशाला? मी तरी कशाला? वर चढणाऱ्यांना विचारा.

ओडिशातल्या नियमगिरीत तसं विचारलं गेलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली.

आमच्याकडे उत्तर इतकं एकमुखी येईल, याची खात्री मी देणार नाही. खाणीवर कामाला जाणारी पोरंही यात्रेला जातात. ओळखपत्राचे फोटो काढायला ती माझ्याकडेच येतात, आणि ठाकूरदेवाचा विषय काढला की स्टुलावर ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघतात.