गडावरचा उजेड कोणाच्या मालकीचा?

रायगडावर शिवराज्याभिषेकाच्या सोहळ्याला किंवा महाडच्या चवदार तळ्याकाठी २० मार्चला जमणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा असतो. सणासोहळ्याच्या रात्री एखादी वास्तू दिव्यांनी उजळते, तेव्हा त्या कॅमेऱ्यात दोन गोष्टी एकदम उतरतात: वास्तू जुनी, उजेड नवा. रायगडाच्या दगडावर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. पण त्यातला कोणता बुरूज उजळावा आणि कोणता काळोखात राहावा, हे कोणा हयात कलावंताने विचारपूर्वक ठरवलेले असते. मग त्या दृश्याचे छायाचित्र काढायला, छापायला किंवा विकायला त्याची परवानगी लागावी का? प्रश्न वकिलांचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे: सर्वांच्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या गोष्टीच्या दिसण्यावर एकाची मालकी असू शकते का? ती असू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे; आणि त्याचा सर्वांत भक्कम आधार महाडच्याच इतिहासात सापडतो.

जगात याचे उलट उत्तर दिले गेले आहे. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली पुरा झाला, त्याच्याशी ज्यांचे नाव जोडले गेले ते गुस्ताव्ह आयफेल १९२३ साली वारले. त्यामुळे कॉपीराइटची मुदत संपली आणि टॉवरचे दिवसाचे छायाचित्र आज कोणीही वापरू शकतो. रात्रीचे मात्र तसे नाही. टॉवरच्या शताब्दीनिमित्त झालेला प्रकाशसोहळा ही स्वतंत्र कलाकृती आहे, असा निर्वाळा फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला. त्याच आधारावर टॉवर चालवणारी कंपनी रात्रीच्या छायाचित्राच्या व्यावसायिक वापरासाठी आधी परवानगी मागते. म्हणजे सूर्याच्या उजेडात जे सर्वांचे, ते विजेच्या दिव्यात एकाचे. सूर्य मावळला एवढ्यावरून शहराचे आपल्याच मनोऱ्याशी असलेले नाते बदलावे, हे मनाला पटत नाही.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा अधिक उदार आहे. कलम ५२ नुसार वास्तुशिल्पाचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पालाही तीच सवलत आहे. शिवाय फ्रान्सने २०१६ साली अशी मोकळीक दिली तेव्हा व्यावसायिक वापर वगळला. आपल्या कायद्याने या ठिकाणी तसा भेद केलेला नाही. त्यामुळे रायगडावरील होळीच्या माळावरचा शिवरायांचा पुतळा किंवा पोलादपूरजवळ उमरठला असलेले तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक कॅलेंडरवर छापणाऱ्याला शिल्पकाराच्या कॉपीराइटची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पण या तरतुदींत रोषणाईचा उल्लेख नाही, आणि चार दिवसांची रोषणाई ‘कायमस्वरूपी’ या अटीतही बसत नाही. कायदा जिथे गप्प आहे तिथे तत्त्वाने बोलावे लागते.

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालकीचे मूळ श्रमात शोधले. निसर्गाने दिलेल्या वस्तूत माणूस आपले कष्ट मिसळतो आणि ती त्याची होते. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, ही अटही त्यानेच घातली. प्रकाशयोजनाकाराचे समर्थक पहिला भाग सांगतात आणि दुसरा विसरतात. त्याने कष्ट मिसळले हे खरे, पण ज्यात मिसळले तो रायगड ही काही बेवारस जमीन नव्हती. लोकांच्या स्मृतीने आणि श्रद्धेने तो आधीच भारलेला होता. हाच दिव्यांचा संच एखाद्या निनावी टेकडीवर लावला तर तो पाहायला कोणी येणार नाही. दृश्याच्या मोलाचा मोठा हिस्सा लोकांनी घातलेला असताना संपूर्ण दृश्यावर एकाने हक्क सांगणे हे लॉकच्याच कसोटीला उतरत नाही.

नेमका हाच वाद महाडने पाण्यावरून पाहिला. सी. के. बोले यांनी मुंबई विधिपरिषदेत मांडलेल्या ठरावाने १९२३ साली मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले झाल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला: तळे खासगी आहे आणि इतरांना दूर ठेवण्याची रूढी जुनी आहे. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. दावेदारांना सांगितलेली रूढी सिद्ध करता आली नाही. माणसाला पाणी नाकारणे आणि छायाचित्राची फी मागणे हे एका तागडीत घालण्यासारखे नाही. तसे करणे त्या लढ्याचा अपमान ठरेल. पण त्या लढ्याने दिलेला विचार व्यापक आहे. जे सार्वजनिक आहे त्यापासून इतरांना रोखण्याचा हक्क जो सांगतो, पुराव्याचे ओझे त्याच्यावर असते. जवळीक, वहिवाट किंवा खर्च एवढ्याने तो हक्क सिद्ध होत नाही. शिवाय पाणी उपसल्याने कमी होते, दृश्य पाहिल्याने वा टिपल्याने तसूभरही कमी होत नाही. घटणारी वस्तू जर सर्वांची असू शकते, तर न घटणारी एकाची का असावी?

यावर पहिला आक्षेप असा की मग कलावंताला काय मिळाले? त्याला पुरता मोबदला मिळावा, त्याचे नाव लावले जावे आणि दुसऱ्या कोणी तीच योजना दुसरीकडे जशीच्या तशी उभारली तर कायद्याने त्याला साथ द्यावी. हे सगळे हक्क पाहणाऱ्याच्या कॅमेऱ्याला हात न लावताही देता येतात. दुसरा आक्षेप पावित्र्याचा आहे: सगळे मोकळे केले तर शिवरायांच्या समाधीची किंवा चवदार तळ्याची विटंबना होणार नाही का? मर्यादा हव्यातच. केंद्रीय संरक्षित स्मारकांवर पुरातत्त्व विभागाचे नियम असतात, चित्रीकरणाला परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. पण ते राखणदाराचे नियम आहेत, मालकाचे नव्हेत. राखणदार वास्तूला जपतो. मालक दृश्य विकतो. २०२१च्या शिवजयंतीला रायगडावर केलेल्या रंगीबेरंगी रोषणाईवर तत्कालीन खासदार संभाजीराजे छत्रपतींनी जाहीर हरकत घेतली, तेव्हा त्यांनी मालकीचा मुद्दा काढला नव्हता; त्या स्थानाला काय शोभते, असा त्यांचा सवाल होता. गडावरच्या उजेडाबद्दल जाब विचारण्याचा अधिकार समाजाला आहे, हे त्या वादात सर्वांनी गृहीतच धरले होते. ज्या उजेडाचा जाब समाजाला द्यावा लागतो, तो खासगी कसा?

हे तत्त्व छायाचित्रकारालाही बांधते. त्याने टिपलेली चौकट त्याची आहे आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कायदा ती जपतो. पण ज्या जागेवरून त्याने ती टिपली, ज्या कोनातून गड पाहिला, ती जागा आणि तो कोन त्याचा नाही. जे त्याने सर्वांच्या ठेव्यातून मोफत उचलले, ते दुसऱ्यालाही तितक्याच मोकळेपणाने उचलू देणे हे त्याचे ऋण आहे. म्हणून सार्वजनिक स्मारकावर रोषणाईचे काम देणाऱ्या प्रत्येक नगरपरिषदेने आणि प्राधिकरणाने कंत्राटातच दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: प्रकाशयोजनाकाराचे नाव स्मारकाच्या फलकावर राहील, आणि उजळलेल्या वास्तूचे छायाचित्र काढण्या-छापण्याला कोणाचीही आडकाठी राहणार नाही. कायद्याची दुरुस्ती होईल तेव्हा होईल. एवढे कलम लिहायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही, आणि ते आधी लिहिण्याचा मान महाडलाच शोभेल.