न दिसणाऱ्या वेदनेचा प्रश्न

सिन्नर परिसरात विड्या वळणाऱ्या स्त्रिया मांडीवर सूप घेऊन तासन् तास मान खाली घालून बसतात. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजूर स्त्रिया मांडवाखाली हात वर करून, मान मागे टाकून घडांची विरळणी करतात. अशी कामे वर्षानुवर्षे केलेल्या कित्येकींचे पाठीचे आणि मानेचे दुखणे काम सुटल्यानंतरही थांबत नाही. घरातील माणसे म्हणतात, ‘आता तर ही घरीच असते, मग दुखते कशाने?’ क्ष-किरणांचा फोटो पाहून डॉक्टर सांगतात, ‘विशेष काही दिसत नाही.’ आणि आपल्यासारखी श्रद्धावान माणसे सांत्वनाच्या सुरात सांगतात, ‘क्रूस समजून सोसा.’ ही तिन्ही वाक्ये बहुधा सद्हेतूनेच उच्चारली जातात. तथापि ऐकणाऱ्या व्यक्तीला त्यांचा एकच अर्थ कळतो : आपले दुखणे कोणाला खरे वाटत नाही. ज्या वेदनेची जखम दाखवता येत नाही, तिच्याविषयी आपले कर्तव्य कोणते, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा नसून नीतीचाही आहे.

वेदना ही मुळात देहाची राखणदार आहे. हे सत्य जगाला कुष्ठरोगाच्या अभ्यासातून फार स्पष्टपणे कळले. 1914 साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे काम करताना असे दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे चटका, काच, ठेच यांची जाणीवच होत नाही, आणि लक्षात न आलेल्या जखमांनी हातापायांची हानी होते. वेदना ही कोणालाही नको असलेली देणगी आहे, या आशयाचे शीर्षक त्यांनी 1993 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाला दिले, ते याच अनुभवातून.

परंतु राखणदाराने चोर निघून गेल्यावरही रात्रंदिवस ओरडत राहावे, तशी अवस्था दीर्घकालीन वेदनेत होते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यक ‘दीर्घकालीन’ म्हणते. 1965 साली मेल्झॅक व वॉल या संशोधकांनी असा सिद्धान्त मांडला, की वेदनेचा संदेश मेंदूकडे तारेतून वीज जावी तसा सरळ जात नाही. मज्जारज्जूत जणू एक दरवाजा असतो, आणि तो कमी-अधिक उघडतो वा मिटतो. पुढे 1983 साली क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखविले, की दुखापतीनंतर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील होऊ शकतो. मग साधा स्पर्शही दुखरा वाटतो आणि जुनी इजा भरून आल्यावरही दुखणे मागे उरते. फोटोत काही दिसत नाही याचा अर्थ दुखणे नाही, असा काढता येत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा वेदना होत असल्याच्या व्यक्तीच्या सांगण्याचा आदर राखला जावा, असे तीत स्पष्टपणे नमूद केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात 2022 पासून दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले असून, तिचे काही प्रकार स्वतःच आजार मानले गेले आहेत.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की माणसे दुखण्याचे सोंगही आणतात. मग प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा? आक्षेप अगदीच अनाठायी नाही. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो ते उगाच नव्हे. स्वतःच्या वेदनेइतके निश्चित असे जगात दुसरे काही नसते, आणि दुसऱ्याच्या वेदनेविषयी मात्र आपल्याला त्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. पण दोन्ही बाजूंच्या चुका एकदा तराजूत घालून पाहू. सोंगाड्यावर विश्वास ठेवला तर आपला थोडा वेळ, थोडी सहानुभूती वाया जाते. खऱ्या पीडितावर अविश्वास दाखवला तर त्याच्या देहाच्या यातनेत अपमानाची भर पडते. एवढ्यावरही हे थांबत नाही. भय, एकाकीपण आणि अपुरी झोप यांमुळे वेदना वाढते. तेव्हा आपला अविश्वास हा त्या आजाराच्या कारणांपैकी एक होऊन बसतो.

संत थॉमसला विश्वास ठेवण्यासाठी जखमा पाहायच्या होत्या, आणि प्रभूने त्या त्याला दाखविल्या. दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णापाशी दाखवायला जखमच नसते. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले, तेव्हापासून ते त्याला भार झाले.

मग ‘क्रूस समजून सोसा’ या उपदेशाचे काय? ख्रिस्ती परंपरेने दुःखात अर्थ पाहिला आहे, हे खरेच आहे. पण त्याच परंपरेत संत पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. सुटका मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. 1957 साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केले, की वेदना टाळण्याचे उपाय करणे ख्रिस्ती माणसाला निषिद्ध नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली दुःखाच्या अर्थावर ‘साल्विफिची दोलोरिस’ हे प्रेषितीय पत्र लिहिले. त्यातही पीडिताजवळ थांबून त्याची शुश्रूषा करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याला महत्त्वाचे स्थान आहे. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दूरदूरहून माणसे येतात, त्यांतील कितीतरी जण दुखणे बरे व्हावे हेच मागणे घेऊन येतात. त्या मागण्याला आपण श्रद्धा म्हणतो. तेच मागणे घरातल्या सुनेने औषधासाठी पैसे मागून केले, तर तिला कुरकुर का म्हणावे?

क्रूस ज्याचा त्याने स्वेच्छेने उचलायचा असतो. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून त्याला सहनशीलतेचा धडा देण्याचा अधिकार कोणालाही नाही. कालवारीच्या वाटेवर प्रभूच्या क्रुसाचा भार कुरेनेकर शिमोनाने वाहिला, हे आपण दरवर्षी चाळीसीच्या काळात स्मरतो. आपल्याला नेमून दिलेली जागा ती आहे.

अशा वेदनेसह कसे जगता येते, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. बाबा आमटे यांचा जन्मही 1914 चाच. वेदनेची जाणीव हरवलेल्या माणसांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या या माणसाला मणक्याच्या विकाराने अनेक दशके छळले. त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. तरीही डिसेंबर 1985 मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेस निघाले, आणि 1990 मध्ये नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले. आलेल्या माणसांशी ते पलंगावर पडूनच बोलत. त्यांनी दुखणे संपण्याची वाट पाहिली नाही; देहाला जे जमत होते त्याभोवती कामाची मांडणी केली. मात्र हे उदाहरण इतर रुग्णांना टोमणा मारण्यासाठी वापरू नये. बाबांच्या पलंगाभोवती साधनाताई होत्या, कुटुंब होते, सहकारी होते, आणि त्यांच्या दुखण्याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. द्राक्षबागेतील मजूर स्त्रीला यांपैकी काय लाभते?

आजचे वैद्यकही याच दिशेने बोलते. दुखणे समूळ नाहीसे करण्याची हमी अनेकदा देता येत नाही. जगणे पुन्हा हाती घेणे हे उद्दिष्ट ठेवता येते. थोडी पण नियमित हालचाल, पुरेशी झोप, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम आणि मनाला आधार यांचा त्यात मोठा वाटा असतो. बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकून पुढचे चार दिवस अंथरुणाला खिळण्यापेक्षा रोज ठरावीक काम करावे, मध्ये विसावा घ्यावा. वेदनाशामक गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. दुखण्याबरोबर ताप, वजन घटणे, पायातील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे अशी लक्षणे दिसली, तर मात्र विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. कर्करोगाच्या वेदनेची बाब वेगळी आहे. तेथे मॉर्फिनसारखे औषध वरदान ठरते, आणि ते मिळण्यातील कायद्याचे अडथळे 2014 च्या दुरुस्तीने कमी करण्यात आले. वांद्र्याला 1986 मध्ये सुरू झालेल्या शांती आवेदना सदनाने, अखेरच्या दिवसांतील कर्करुग्णाची वेदना शमविणे ही देखील पूर्ण सेवा आहे, हे आपल्या देशात प्रथम दाखवून दिले.

हे सारे उपाय रुग्णाला एकट्याने करता येत नाहीत. विसावा घेणाऱ्या स्त्रीला घराने आळशी म्हटले, तर डॉक्टरांचा सल्ला कागदावरच राहतो. कोणीतरी पाण्याचा हंडा उचलावा लागतो, कोणीतरी दवाखान्यात सोबत जावे लागते. आणि त्याही आधी ‘दुखते’ हा तिचा शब्द खरा मानावा लागतो. एवढे करण्यासाठी पैसा वा विद्या लागत नाही, म्हणून ते न करण्याला आपल्यापाशी सबबही उरत नाही.