लिलावातले घर

यंदाच्या दिवाळीत आमचा एक भाचा फराळास आला होता. चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून त्याने खिशातून वृत्तपत्राचे एक कात्रण काढले व आमच्यापुढे पसरले. कर्ज न फिटल्यामुळे एका बँकेने ताब्यात घेतलेल्या सदनिकांच्या लिलावाची ती सूचना होती. इंदूरच्याच एका नव्या वसाहतीतील सदनिकेभोवती त्याने शाईने रिंगण केले होते.

"मामा, तुम्ही जन्मभर तहसिलीत काढलात. बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त मिळतंय. घ्यायचं, रंगरंगोटी करायची आणि सहा महिन्यांत विकून मोकळं व्हायचं. यात धोका काय, तेवढं सांगा."

रक्कम थोडी कमी पडत होती व ती आम्ही आमच्या मुदत ठेवीतून द्यावी, असाही त्याचा मानस होता. म्हणजे प्रश्न केवळ सल्ल्याचा उरला नव्हता.

धोके सांगणे सोपे होते, ते आम्ही सांगितले. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील लिलावात बोली मान्य झाली की अनामत धरून किमतीचा चौथा हिस्सा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, भरावा लागतो. (आपल्या पूर्वजांनी चौथाई वसूल केली, भाच्यावर ती भरण्याची पाळी!) उरलेले तीन हिस्से विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत, बँक राजी असेल तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकले तर भरलेला चौथा हिस्सा जातो. तो सगळाच्या सगळा जप्त करणे योग्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आहे. सूचनेत 'जसे आहे, जेथे आहे' अशा अर्थाचे चार शब्द असतात. त्यांच्या पोटात जुने वीजबिल, नगरपालिकेचा कर, संस्थेची देणी, गळके छत असे काय काय दडलेले असेल, ते घेणाऱ्याच्या कपाळी. मागच्या मालकाचे थकलेले वीजबिल लिलावात घर घेणाऱ्याकडून मागता येते की नाही, हा वाद २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथील नियमांत तशी तरतूद असेल तर मागता येते, असे ठरले. जुना भाडेकरू आत असेल तर त्याला हलविणे वेगळेच. बँकेजवळ पुष्कळदा कागदावरचा ताबा असतो, किल्ली नसते. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्याला तीस, फार तर साठ दिवस लिहिले आहेत, पण सरकारी टेबलावरचे दिवस कसे मोजले जातात हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? कर्जदार ऋण वसुली न्यायाधिकरणात गेला, तर आपले पैसे बँकेत आणि आपण जबलपूरच्या गाडीत.

भाच्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ते मोजलंय मामा. आणि आम्ही चौघं मित्र आहोत. बोली एकानेच लावायची, बाकीच्यांनी गप्प राहायचं, असं आपसात ठरलंय. भाव चढायलाच नको."

या वाक्याने आम्ही थबकलो. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

लिलाव हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, हे गोव्यातील वाचकांस सांगावयास नको. शब्द समुद्रावरून आला खरा. त्याची धास्ती मात्र आपल्या घरांतून चांगली मुरलेली आहे. आपण दोन-तीनशे वर्षांपूर्वी देश सोडून इकडे आलेली माणसे. कोणाजवळ सनदा राहिल्या, कोणाजवळ नुसत्या आठवणी; बहुतेकांजवळ राहिले ते एक घर. आमच्या लहानपणी 'अमक्याचे घर लिलावात निघाले' हे वाक्य घरात आवाज खाली आणून बोलले जाई, एखाद्या दुर्धर आजाराचे नाव घ्यावे तसे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत, १९८७ साली, आम्ही एका लहान तहसिलीत नायब तहसीलदार होतो. एका गृहस्थाने तेलघाणीसाठी काढलेले कर्ज थकले होते व ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाचे होते. घराची कुर्की झाली, गावात मुनादी फिरली, तारीख उजाडली. बोली लावणारे तिघे आले. लिलावापूर्वी ते समोरच्या कडुनिंबाखाली बसून चहा पीत होते. पुढे एकाने बोली लावली, दुसऱ्याने दोनशे रुपये चढविले, पहिल्याने आणखी शंभर; तिसरा आपला कडुनिंबाकडे पाहत राहिला. थकबाकीहून जेमतेम अधिक रकमेला घर गेले. आम्ही एक, दोन, तीन म्हटले आणि सही केली. तिघांचे काय ठरले होते ते आम्हाला दिसत होते. तसा शेरा लिहून विक्री कायम न करण्याची शिफारस वरिष्ठांकडे करता आली असती. ती आम्ही केली नाही. कागदोपत्री काही गैर नव्हते, हे एक कारण. लिलाव उरकला म्हणजे वसुलीचा आकडा पुरा होत होता, हे दुसरे व खरे.

चार दिवसांनी त्या गृहस्थांची पत्नी कचेरीत आली. अंगणातले तुळशीवृंदावन नेता येईल का, एवढेच तिला विचारावयाचे होते. नियम पाहून आम्ही सांगितले की वृंदावन जमिनीस जोडलेले आहे, ते घराबरोबर गेले; रोप नेण्यास मात्र हरकत नाही. उत्तर नियमाला धरून होते. तिने ते डालड्याच्या रिकाम्या डब्यात लावून नेल्याचे आमच्या शिपायाने नंतर सांगितले. वर्ष सरण्यापूर्वी ते घर जवळजवळ दुप्पट किमतीस पुन्हा विकले गेले.

तेव्हा 'एकाची जळते दाढी, दुसरा पेटवतो विडी' ही म्हण भाच्यास ऐकवून हात झटकावेत, असे मनात आले. परंतु ते न्यायाचे झाले नसते. लिलावात बोली लावणारा घर जाळीत नाही. कोणीच बोली लावली नाही, तर कर्जदाराचे भले होते असेही नाही. राखीव किंमत उतरवून पुन्हा लिलाव होतो, व्याज चढत राहते आणि घर गेल्यावरही देणे शिल्लक उरते. उलट सरळपणे चढविलेला प्रत्येक रुपया प्रथम त्याचे ऋण फेडतो, व बँकेची रक्कम आणि खर्च भागून जे उरेल ते कायद्याने त्यालाच परत द्यावयाचे असते. चांगली बोली लावणारा मनुष्य कर्जदाराचा, नकळत का होईना, हितकर्ताच होय.

मग पाप कोठे आहे? आमच्या मते ते त्या कडुनिंबाखाली आहे. पुनर्विक्रीच्या नफ्याचे दोन भाग पडतात. गळके छत दुरुस्त केले, जुनी देणी भागविली, वर्षभर रक्कम अडकवून कज्ज्याची टांगती तलवार सोसली, या सर्वांचे मोल विकणाऱ्याने घ्यावे. ते कमावलेले आहे. उरलेला भाग म्हणजे घर जात असताना त्याच्या मालकाला जे मिळावयास हवे होते व मिळाले नाही, ते. चौघांनी आपसांत ठरवून गप्प राहणे याचा अर्थ तो दुसरा भाग मुद्दाम वाढविणे.

आणखी एक गोष्ट आम्हाला टोचते. दिवाणी न्यायालयाच्या हुकमावरून घर विकले गेले, तर मूळ मालकास साठ दिवसांच्या आत देणे भरून ते सोडविता येते. मात्र बोली जिंकणाऱ्याच्या हिरमोडाबद्दल खरेदीच्या रकमेवर शेकडा पाच त्यास द्यावे लागतात. जुन्या कायदेपंडितांनी हिरमोडाचाही दर ठरवून ठेवला होता! बँकांच्या लिलावात हे दार आता फार आधी बंद होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच देणे भरून घर सोडविण्याचा हक्क उरतो, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु ते साठ दिवस मनाशी धरून पाहावेत. त्या काळात बोली जिंकणारा कशाची इच्छा करीत असेल? मालकास कोठूनही पैसे मिळू नयेत, याचीच. वास्तुपुरुष सदैव 'तथास्तु' म्हणत असतो, असे आमची आजी सांगत असे. तिन्हीसांजेला घरात वावगे बोलू देत नसे ती.

हे सारे आम्ही भाच्यास सांगितले; तुळशीचेही सांगितले, जे आजवर आमच्या सौभाग्यवतींसही ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "मामा, रागावू नका. पण तुमच्या ठेवीवर दर तिमाहीला व्याज येतं, ते बँक कुठून देते? अशी घरं विकूनच ना?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. अगदी नेमके तसे नसले, तरी वसुली थांबली तर आमचे व्याजही थांबेल, हे खरेच आहे. निवृत्तीनंतर हात धुतले गेले, अशी जी समजूत आम्ही करून घेतली होती ती त्या संध्याकाळी थोडी विस्कटली.

अखेर आम्ही रक्कम देऊ केली, दोन अटींवर. चौघांचा करार मोडावयाचा व घराची जी वाजवी किंमत भाच्यास मनापासून वाटते, तेथपर्यंत बोली न्यावयाची. दुसरी अट अशी की पाहणीच्या दिवशी आत राहणाऱ्या माणसाशी बोलावयाचे, निदान तो येथून कोठे जाणार एवढे विचारावयाचे. भाच्याने कात्रणाच्या कोऱ्या कडेवर पुन्हा आकडेमोड केली. "मग उरणार किती मामा?" म्हणाला, आणि आकड्याखाली रेघ ओढून कात्रण खिशात ठेवले. घेतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पाहणी येत्या गुरुवारी आहे. सकाळी दहाला तो आम्हाला घ्यावयास येणार आहे.